पहिल्या गिअरातली गाडी

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे. इकडे या, कंदिलाजवळ. लाइट गेली की आमच्या रस्त्यावर लवकर येत नाही, आणि तुमची गाडी चाकं काढून जॅकवर उभी आहे, ती काही पळून जात नाही. मघापासून माझ्या या वाकड्या बोटाकडे बघताय आणि विचारायला लाजताय. विचारा ना! सगळेच विचारतात. मी सगळ्यांना सांगते, पाना सटकला. ते खोटं नाही. पाना सटकलाच होता. तो का सटकला, एवढं मात्र मी सांगत बसत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग हळूच गाडीची चावी परत मागतो.

मी फटकळ बाई आहे, ते तुम्हाला कळलंच असेल. भित्री मात्र नाही. वडिलांच्या हाताखाली इंजिनं उघडायला शिकले तेव्हापासून ग्रीस, रॉकेल आणि गिऱ्हाइकं, तिन्हींची सवय आहे. माझा नवरा गाड्यांच्या वायरिंगचं बघतो. गॅरेजात सगळे त्याला वायरमन म्हणतात, आता मीही म्हणते. तो मला उस्ताद म्हणतो, विशेषतः माझं काही चुकलं की.

तर पुरानंतरची गोष्ट. पाणी ओसरलं आणि आमच्या दारात गाड्यांची रांग लागली. लोकांचं वाटोळं झालं आणि आम्हाला जेवायला फुरसत नाही, अशी ती वेळ. सुखाने हसताही येईना. सगळीकडे एकच वास. गाळाचा, कुजलेल्या कार्पेटचा, त्यात मिसळलेल्या डिझेलचा. घरी जाऊन साबणाने अंग घासलं तरी उशीला तो वास येई.

पुरात गाड्या पाण्याने मरत नाहीत, माणसांच्या घाईने मरतात. गाडी पाण्यात बंद पडली की माणूस पुन्हा चावी फिरवतो, म्हणजे आमच्या भाषेत सेल्फ मारतो. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी ती छोटी मोटर. इंजिनात पिस्टन हवा दाबतो. हवा दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही, पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आत पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टनला धरणारा लोखंडी रॉड वाकतो, आणि इंजिन बाद. म्हणून मी घसा फोडून सांगते, बंद पडली की उतरा, चावी खिशात घाला आणि चालू लागा. गाडी दुसरी मिळेल. पण ऐकतं कोण?

त्या दिवशी सकाळी मी आणि वायरमन अशीच एक गाडी टोचन करून आणायला गेलो, म्हणजे आमच्या गाडीला दोर बांधून ओढत. पुलाअलीकडच्या सखल रस्त्यावर ती कठड्याला टेकून उभी होती. तिच्या टपावर हात ठेवून एक उंच, वयस्कर गृहस्थ उभे होते. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभं राहावं तसे. त्यांनी आधीच फोनवर सांगितलं होतं की गाडी धाकट्या भावाची आहे आणि भाऊ पुरात गेला. कुठे गेला, कसा गेला, ते मी विचारलं नव्हतं. दार उघडल्यावर विचारायची गरज उरली नाही. ड्रायव्हरच्या सीटवर गाळात माणूस बसल्याचा खळगा तसाच होता. चावी लागलेली होती आणि गाडी पहिल्या गिअरात होती.

"कुणी हात लावला का गिअरला?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "तो होता तशीच आहे."

मी गिअर काढला. हाताला तो उगाच जड लागला.

गॅरेजात आल्यावर ते थोरले भाऊ एका उपड्या खोक्यावर बसले. ते निवृत्त बसड्रायव्हर होते. बसायची तऱ्हाच सांगत होती. गुडघे फाकलेले, दोन्ही हात पुढे, जणू मांडीवर स्टिअरिंग आहे. मी माझं नेहमीचं सुरू केलं. म्हटलं, हे इंजिन उघडण्यात अर्थ नाही, अपघातातल्या गाडीचं चांगलं इंजिन बघून देते, तेच बसवू.

"बसवा," ते म्हणाले. "पण आधी हे उघडा. मला एक गोष्ट कळायला हवी."

"काय?"

वायरमनने चहा आणून दिला, तो हातातच निवला. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे नाही, गाडीकडे बघत होते.

"छोट्याचा फोन आला होता मला. म्हणाला, दादा, पुलाच्या अलीकडे बंद पडली, पाणी दारापर्यंत आलंय. मी म्हटलं, पहिल्या गिअरात टाक, क्लच सोड आणि सेल्फवर बाहेर काढ. आमच्या जुन्या बस आम्ही अशाच ओढून काढायचो. सेल्फच्या जोरावर हात-दोन हात पुढे सरकते गाडी. तो म्हणाला, मारू का? मी म्हटलं, मार. आवाज ऐकू आला मला. मग पुन्हा म्हणाला, दादा, मारू का? मी... मी खेकसलो त्याच्यावर. म्हटलं, मार ना, विचारतोस काय! मग फोन कट झाला. नंतर लागलाच नाही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"त्याला विचारायची सवय मीच लावली होती," ते म्हणाले. "लहानपणी डेपोत यायचा माझ्याबरोबर. मी बॉनेटमध्ये डोकं घातलेलं असायचं, हा वर सीटवर. विचारल्याशिवाय सेल्फला हात लावलास तर तंगडं मोडीन, म्हणायचो."

ही आमच्या धंद्यातली रीत आहे, तुम्हाला सांगायला हवी. एक जण इंजिनात हात घालून असतो, दुसरा आत चावीपाशी. आतला विचारतो, "मारू का?" हात बाहेर काढला की दुसरा म्हणतो, "मार." तो शब्द आल्याशिवाय चावी फिरवायची नाही, कारण पट्ट्यात सापडलेलं बोट परत मिळत नाही. दिवसातून इतक्या वेळा हे बोलणं होतं की तोंडाला वळणच पडतं. कान ऐकतो, तोंड बोलतं, मधे डोक्याला कुणी विचारतच नाही.

"म्हणजे तुम्हाला काय कळायला हवं?" मी म्हटलं. खरं तर मला कळलं होतं.

"सेल्फ मारल्यामुळे इंजिन गेलं, की ते आधीच गेलेलं होतं? माझ्या शब्दाने गेलं का?"

"ते बघता येईल," मी म्हटलं. "चालत्या इंजिनाने पाणी गिळलं तर रॉड फाडकन मोडतो. नुसतं भिजून बंद पडलं असेल तर रॉड सरळ असतात. आणि एखादाच थोडासा वाकलेला निघाला, तर तो सेल्फने वाकला."

"बास. तेवढंच बघा. धाकटी माझ्याच घरात असते, छोट्याची बायको. दोन्ही वेळा मला वाढते. तिला यातलं काही माहीत नाही. माझ्यामुळे झालं असेल तर मला तिला सांगावं लागेल. नसेल, तर मी ते माझ्याबरोबर घेऊन जाईन. पण असं अधांतरी... तिच्या हातचा घास उतरत नाही हो घशाखाली."

माझ्या जिभेवर आलं होतं की रॉड सरळ निघाला तरी तुम्ही त्याला गाडीत बसवून ठेवलंतच. जन्मात पहिल्यांदा मी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम हाती घेतलं. आधी गाडीतल्या सगळ्या सीट काढून बाहेर ओट्यावर टाकल्या. वायरमनने बॅटरी काढून बाजूला ठेवली. मी इंजिनाच्या डोक्यावरचे प्लग काढले आणि खालच्या पुलीला मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवायला लागले. प्लगच्या भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडालं. काळं, गाळाचं, गार. दुपार असूनही आभाळामुळे शेडमध्ये संध्याकाळसारखं झालं होतं. मी कोपरापर्यंत हात आत घालून पाना पुढे ढकलत होते.

"मारू का?"

अगदी साधा आवाज. समोर काचेपलीकडून, ड्रायव्हरच्या जागेवरून.

"थांब!" मी ओरडले. "अक्कल गहाण टाकलीस का? हात आत आहे माझा!"

पलीकडे शांत झालं. मला जरा बरंही वाटलं, नाहीतर नवरा माझा शब्द इतका पटकन ऐकतो कधी? मी काम संपवलं, कंबर सरळ केली आणि बॉनेटच्या कडेने आत बघितलं. आत कुणी नव्हतं. बसायला सीटच नव्हती. जिथे सीट असते तिथे चार बोल्ट वर आले होते आणि मधे ओला पत्रा. वायरमन रस्त्यापलीकडून चहाची किटली घेऊन येत होता, डोक्यावर पोतं घेऊन.

"तू आता आत होतास?" मी विचारलं.

"मी? मी चहा आणायला गेलो होतो, तूच पाठवलंस ना, उस्ताद."

"मग सेल्फचं कोण विचारत होतं?"

"सेल्फ? बॅटरीच नाही गाडीत," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघतच राहिला. "बस जरा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

मी बसले. चहा प्याले. मनाची समजूत घातली की पावसाचा आवाज असेल, शेजारच्या दुकानातलं कुणी असेल. माणसाला कारण हवं असलं की ते रस्त्यावर पडलेलंही सापडतं.

त्यानंतरचा दिवस तर आणखी काळोखा होता. आता मला पिस्टन मोजायचे होते. ते अगदी सोपं असतं. प्लगच्या भोकातून एक सरळ तार आत सोडायची, पिस्टन सगळ्यात वर आला की तारेवर खूण करायची. चारही पिस्टन सारखेच वर यायला हवेत. जो खाली राहील, त्याचा रॉड वाकलेला. पहिला झाला, दुसरा झाला, चौथा झाला. तिन्ही खुणा एकावर एक. तिसऱ्याची तार आत सोडली आणि हळूहळू पाना फिरवायला लागले. श्वास रोखून, डोळे त्या तारेवर. तार वर आली, वर आली आणि खुणेच्या बरीच खाली थांबली. पुन्हा फिरवून बघितलं. पुन्हा तिथेच. म्हणजे सेल्फच. म्हणजे त्या म्हाताऱ्याला मी आता काय सांगणार, कोणत्या तोंडाने सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात घोळत होतं.

"मारू का?"

"मार," मी म्हटलं.

तोंडातून शब्द गेला आणि मग मला कळलं. पण तोवर...

खर्र... करून सेल्फ फिरला. पाना गरकन उलटला आणि माझं बोट पाना आणि ब्लॉकच्या मधे चेंगरलं. कळ मस्तकात गेली. मी मागे कोसळले. प्लगच्या भोकांतून पाणी उसळलं, अंगावर, तोंडावर. आदल्या दिवशी मी ते इंजिन कोरडं केलं होतं. स्वतःच्या हाताने, फडक्याने पुसून. तरी पाणी येतच राहिलं. त्या चार सिलिंडरांत मिळून एक कळशीसुद्धा मावणार नाही, आणि इथे शेडची सगळी फरशी भिजली. सेल्फ थांबला. जरा वेळाने पुन्हा, खर्र... खर्र... थकलेल्या बॅटरीवर फिरतो तसा. मग बंद.

मी ओरडले त्याच्यावर, माझ्या नवऱ्यावर. वाटेल ते बोलले. मग मान वळवली. तो शेडच्या दारात उभा होता. गाडीची बॅटरी त्याच्या दोन्ही हातांत होती, पोटाशी धरलेली. ती तो चार्जिंगला न्यायला निघाला होता.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला. "बॅटरी... माझ्या हातात आहे."

त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. माझी तर पाचावर धारण बसली होती. बोटातून रक्त गळत होतं, ते बांधायचंसुद्धा कुणाला सुचेना.

"ऐकलंस तू?" मी विचारलं.

"ऐकलं."

"आधी विचारलं त्याने... मग मारलं."

"हो. तू मार म्हणालीस म्हणून मारलं."

बोट बांधून घेऊन आलो तेव्हा वायरमन म्हणाला, ही गाडी अशीच टोचन करून पुलाखाली सोडून येऊ. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पण थोरल्यांना शब्द दिला होता. मग आम्ही दोघांनी न बोलता ती गाडी मोकळी केली. आधी सेल्फच काढला आणि टेबलावर ठेवला. मग साखळीने इंजिन वर उचलून बाहेर घेतलं, उघडलं, तिसरा रॉड काढला. सरळ रॉडशेजारी ठेवला तर आंधळ्यालासुद्धा त्याचा बाक बोटाने कळला असता. गाडीचं नुसतं खोकं उरलं. पुढे इंजिन नाही, आत सीट नाहीत. वाटलं, आता विचारून विचारणार काय, आणि मारणार कशाला!

थोरल्यांना फोन केला. म्हटलं, सेल्फनेच वाकलाय. एका दमात सांगितलं, कारण दोन दमांत मला जमलं नसतं. आवाजांबद्दल काही बोलले नाही. ते "बरं" म्हणाले. मग म्हणाले, "तिला तिथेच घेऊन येतो. घरात मला बोलता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या सुमाराला ते दोघं आले. धाकटी अगदीच लहानखुरी होती, साधी, कामावरून तशीच आलेली. पाऊस थांबला होता. मी त्यांना रॉड दाखवला. थोरल्यांनी तो हातात घेतला, आणि ज्या माणसाने आयुष्यभर बस हाकली त्याच्या हाताला तो एवढासा रॉड पेलवेना.

"धाकटे," ते म्हणाले, "हे बघ. हे माझ्यामुळे झालं. त्याने मला फोन केला होता. मी मार म्हटलं. मी त्याला उतर म्हणायला हवं होतं, मी मार म्हटलं."

ती रॉडकडे बघत राहिली.

"मला माहीत होतं, भाऊजी," ती म्हणाली.

थोरल्यांनी मान वर केली.

"तुमचा फोन कट झाला ना, तो त्यांनी मला लावला म्हणून झाला. म्हणाले, दादा मार म्हणतोय. मी म्हटलं, उतरा. आत्ताच्या आत्ता उतरा आणि घरी या, गाडी गेली खड्ड्यात. पाणी तेव्हा कमरेइतकंच होतं." तिचा आवाज इथे पहिल्यांदा हलला. "तर म्हणाले, थांब, दादाला विचारतो."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला लागला नसेल फोन."

थोरले खाली बसले. खोक्यावर नाही, जमिनीवर, ग्रीसने माखलेल्या फरशीवर. रडत नव्हते. "तू मला... इतके दिवस वाढत होतीस," ते कसेबसे म्हणाले. ती त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला तिथून निघून जायचं होतं. दुसऱ्याच्या घरातलं इतकं आतलं दुःख बघू नये. मी वायरमनला खूण केली आणि आम्ही दोघं दाराकडे वळलो.

"दादा..."

आम्ही जागच्या जागी थिजलो. आवाज गाडीच्या खोक्यातून आला होता. अगदी जवळून बोलावं तसा; पण त्याच्या मागे दुसरा एक आवाज होता, भरून वाहणाऱ्या पाण्याचा.

"दादा... मारू का?"

टेबलावरचा सेल्फ हलला. त्याला ना वायर होती ना काही. आपल्या जागी थरथरला, टेबलावरचे नट खाली पडले. वायरमनने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. धाकटीने तोंडावर हात ठेवला. ती आवाज ओळखत होती, हे तिच्या डोळ्यांतच दिसलं.

"उतरा," ती गाडीकडे बघून म्हणाली. "अहो, उतरा ना... घरी या."

काही नाही. पाण्याचा आवाज वाढला. शेडच्या फरशीवर कुठेच पाणी नव्हतं, तरी माझ्या पायांना गारवा चढत होता, घोट्यापर्यंत, पोटरीपर्यंत.

"दादा... मारू का?"

तो तिचं ऐकणार नव्हता. तेव्हाही ऐकलं नव्हतं. तो विचारत होता ते थोरल्यांना, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत विचारतच राहणार होता. मी थोरल्यांकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. मला ठाऊक होतं ना, अशा वेळी तोंडातून कोणता शब्द आपोआप निघतो! माझा निघाला होता. यांनी तर तो शब्द जन्मभर वापरला होता.

थोरले गुडघ्यांवर हात टेकून उठले. गाडीजवळ गेले. टपावर हात ठेवला.

"नको," ते म्हणाले. "नको रे, छोट्या. मारू नकोस."

सेल्फ थरथरायचा थांबला.

"माझं चुकलं, बाळा. गाडी सोड. दार उघड आणि उतर. ती म्हणते ते ऐक. उतर..."

आधी कुलूप वाजलं. टक्. बॅटरी नसलेल्या गाडीचं. मग ड्रायव्हरचं दार आतून उघडलं, हळूहळू, जड काहीतरी ढकलत असल्यासारखं, आणि आतलं पाणी बाहेर आलं. गढूळ, दाराच्या चौकटीएवढं पाणी, त्या रिकाम्या खोक्यातून. थोरल्यांच्या पायांवरून, धाकटीच्या चपलांवरून वाहत ते गटाराकडे गेलं. गाळाचा वास सुटला, मग तोही विरला. आम्ही काही पाहिलं नाही. कुणी दिसलं नाही. फक्त दार, कुणीतरी काळजीने लोटावं तसं, परत लागलं.

"दार कधी आपटत नसे तो," थोरले म्हणाले. आणि मग ते रडले, मोठ्याने, लहान मुलासारखे, आणि धाकटी त्यांना धरून उभी राहिली. तिचे डोळे मात्र कोरडे होते. ती शेडच्या दाराकडे बघत होती.

पुढे आम्ही त्या गाडीला दुसरं इंजिन बसवलं. मागून चेपलेल्या एका गाडीचं, कधी पावसातसुद्धा न भिजलेलं. नवी वायरिंग, नव्या सीट, सगळं. चालू करायची वेळ आली तेव्हा वायरमन चावीवर होता आणि मी पुढे. तो शब्द दोघांनाही तोंडातून काढवेना. शेवटी त्याने भुवया उडवल्या, मी मान हलवली. इंजिन पहिल्या धक्क्याला सुरू झालं, मांजर गुरगुरावं तसं चालत राहिलं, आणि तेव्हा कुठे माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, सुटला बिचारा. सगळेच सुटले.

गाडी न्यायला धाकटी एकटीच आली. चेहरा उजळला होता, चार घास अंगाला लागल्यासारखे दिसत होते. मला बरं वाटलं.

"थोरले कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. झोप लागते आता. जेवतातही नीट."

"गाडी विकणार असाल तर सांगा, गिऱ्हाईक आहे माझ्याकडे."

"नाही, विकायची नाही," ती म्हणाली. चावी घेतली, गाडीत बसली आणि काच खाली केली. "एक विचारू का? तुम्ही गाड्यांच्या सीट वाळवता ना. गादी ओली झाली तर कशी वाळवायची?"

"उभी करून कडक उन्हात टाकायची. पुराचं पाणी शिरलं होतं का घरात?"

"नाही हो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो."

इंजिन चालू होतं. एकदम निर्दोष चालू होतं. मी खिडकीची कड धरली.

"मग फेकून द्या," मी म्हटलं. "ऐका माझं. फेकून द्या आणि कुठेतरी लांब जाऊन राहा."

"फेकू कशी?" ती हसली. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं. "अर्धीच तर ओली होते, त्यांच्या बाजूची. मी टाकते रोज सकाळी गच्चीवर. पण आता दिवस लहान व्हायला लागलेत ना... आणि संध्याकाळच्या आत ती वाळायला हवी."